बर्फावरचे बिऱ्हाड : एका हॉकी संघाच्या स्थलांतराची चिकित्सा

१७ एप्रिल २०२४ च्या रात्री अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात, टेम्पी येथील विद्यापीठाच्या क्रीडागृहात, ॲरिझोना कायोटीज या संघाने एडमंटन ऑइलर्सला ५-२ असे हरवले. व्यावसायिक हॉकीतल्या जगातल्या सर्वांत श्रीमंत लीगचा तो सामना होता आणि आसने होती सुमारे ४,६००. दुसऱ्या दिवशी नॅशनल हॉकी लीगच्या संचालक मंडळाने ठराव करून खेळाडू, प्रशिक्षक आणि नव्या खेळाडूंच्या निवडीचे हक्क असा सारा जिवंत ऐवज युटा राज्यातील सॉल्ट लेक सिटीला पाठवला. हॉकी म्हटले की आपल्यापुढे मेजर ध्यानचंद येतात, खडकीचा धनराज पिल्ले येतो. ही हॉकी वेगळी, बर्फावरची. तिला मैदान चालत नाही, छप्पर आणि गोठवणारी यंत्रणा लागते. म्हणूनच या खेळात इमारतीचा प्रश्न अन्य खेळांपेक्षा अधिक चिवट होऊन बसतो.

घटना एवढीच असती तर तिच्यावर शोधलेख लिहिण्याचे कारण नव्हते. कारण आहे ते त्या ठरावाच्या भाषेत. लीगच्या कागदांनुसार संघ ॲरिझोनातून युटात 'गेला' असे झालेलेच नाही. कायोटीजचा परवाना 'निष्क्रिय' झाला. त्याचे नाव, चिन्ह आणि इतिहास मालक ॲलेक्स मेरुएलो यांच्याकडे राहिला, आणि पाच वर्षांत नवे क्रीडागृह बांधले तर तो पुन्हा जागा करण्याची मुभाही त्यांना मिळाली. युटाचा संघ मात्र कागदावर अगदी नवा, २०२४ साली जन्मलेला. त्याचे मालक रायन स्मिथ यांनी १२० कोटी डॉलर मोजले, त्यांतले १०० कोटी मेरुएलोंना मिळाले. तेच खेळाडू, तेच प्रशिक्षक, पण भूतकाळ नाही. माणसे एकीकडे आणि त्यांच्या आठवणींची मालकी दुसरीकडे, अशी वाटणी आपल्याकडे भाऊबंदकीच्या दाव्यांतही सहसा होत नाही.

या संघाच्या अठ्ठावीस वर्षांच्या परवडीवर इंग्रजीत अमाप लिहिले गेले आहे. ते वाचताना दिसते की बहुतेक लेखन दोनच गोष्टी सांगते. पहिली : वाळवंटात बर्फ टिकत नाही, तिथे हॉकी रुजणारच नव्हती. दुसरी : लोभी मालकांनी भोळ्या नगरपालिकांना लुटले. दोन्ही गोष्टींत तथ्याचा अंश आहे, आणि माझ्या मते दोन्ही अपुऱ्या आहेत.

पहिलीचा निकाल झटपट लावता येतो. टॅम्पाने २००४, २०२० आणि २०२१ साली स्टॅन्ली करंडक जिंकला. डॅलसने १९९९ मध्ये. लास वेगास तर भर वाळवंटात. तिथला संघ २०१७ साली खेळू लागला आणि २०२३ मध्ये त्याने करंडक उचलला. पुढच्याच वर्षी तो फ्लोरिडाला गेला. २०१६ च्या निवडीत पहिल्या क्रमांकावर उचलला गेलेला ऑस्टन मॅथ्यूज हा मुलगा वाढला तो फिनिक्सच्या शेजारच्या स्कॉट्सडेलमध्ये, याच कायोटीजचे सामने बघत. रुजायचे ते रुजले होते. वेगास आणि फिनिक्स यांच्यातला फरक हवामानाचा नाही. वेगासचे क्रीडागृह संघ येण्याआधी खासगी पैशातून उभे राहिले होते आणि ते शहराच्या ऐन वर्दळीच्या जागी होते. फिनिक्सला या दोन्ही गोष्टी कधीच लाभल्या नाहीत.

दुसरी गोष्ट तपासायला मुळापासून, म्हणजे विनिपेगपासून सुरुवात करावी लागते.

विनिपेग हे कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांताचे राजधानीचे शहर. हिवाळा हाडे गोठवणारा. तिथला जेट्स हा संघ १९७२ चा. एका बंडखोर, प्रतिस्पर्धी लीगमध्ये तो जन्मला आणि १९७९ साली एनएचएलमध्ये सामावला गेला. त्याचे घर म्हणजे १९५५ साली बांधलेला विनिपेग अरीना. आत राणी एलिझाबेथची अजस्र तसबीर टांगलेली असे. श्रीमंतांसाठी स्वतंत्र कक्ष पुरेसे नाहीत, आणि आधुनिक लीगचा धंदा तर त्या कक्षांवर चालतो. त्यात १९९० च्या दशकात खेळाडूंचे पगार अमेरिकन डॉलरमध्ये चढत गेले, आणि कॅनडाचा डॉलर उतरत सुमारे ७३ सेंटांच्या आसपास आला. तिकिटाचे पैसे एका चलनात यायचे, पगार दुसऱ्या चलनात जायचा. आखातात नोकरी करणाऱ्या कोकणातल्या माणसाला हे गणित उलट्या बाजूने चांगले ठाऊक असते.

१९९५ च्या उन्हाळ्यात शहराने संघ वाचवण्यासाठी वर्गणी काढली. सभा झाल्या, हजारो लोक जमले, मुलांनी गल्ले फोडून पैसे आणून दिले. पैसा जमला, पण नवे क्रीडागृह उभे राहण्याइतका नाही. एक हंगाम कसाबसा पुढे ढकलला गेला एवढेच. २८ एप्रिल १९९६ रोजी डेट्रॉइटकडून ४-१ असा पराभव झाला आणि जेट्स फिनिक्सला गेले. त्याच्या आदल्या वर्षी क्वेबेक शहराचा नॉर्डिक्स संघ डेन्व्हरला गेला होता, आणि तिथे गेल्यावर पहिल्याच हंगामात त्याने करंडक जिंकला. क्वेबेकच्या माणसांनी तो दूरचित्रवाणीवर पाहिला. यावर भाष्य न करणेच बरे.

या प्रसंगावर अर्थशास्त्रज्ञांनी काय म्हटले? या विषयातला प्रमाणग्रंथ म्हणजे रॉजर नोल आणि अँड्र्यू झिम्बॅलिस्ट यांनी संपादित केलेला 'स्पोर्ट्स, जॉब्स अँड टॅक्सेस' (१९९७). त्याचा निष्कर्ष आता जवळजवळ सर्वमान्य आहे : क्रीडागृहांमुळे स्थानिक अर्थव्यवस्थेला म्हणण्यासारखी चालना मिळत नाही. सामन्यावर खर्च केलेला पैसा आकाशातून पडत नाही. ते कुटुंब एरवी सिनेमा, हॉटेल, बोलिंग यांवर तो उडवणारच होते. पैसा फक्त एका गल्ल्यातून दुसऱ्या गल्ल्यात जातो. दुसरे गाजलेले पुस्तक जोॲना केगन आणि नील डीमॉज यांचे 'फील्ड ऑफ स्कीम्स' (१९९८). ते पत्रकारी धाटणीचे आहे, त्याला धार आहे, आणि त्यात सार्वजनिक पैसा खासगी नफ्यात कसा वळतो याची शहरामागून शहर साक्ष काढलेली आहे.

मी अर्थशास्त्राच्या कुठल्याही विभागात बसून शिकलेलो नाही, तरीही या दोन पुस्तकांशी थोडे भांडायचे आहे. पहिल्याचा हिशेब चोख आहे. पण तो ज्या प्रश्नाचे उत्तर देतो तो प्रश्न निर्णय घेणाऱ्यांचा नव्हताच. हे ग्लेंडेलच्या उदाहरणातून दाखवता येईल.

फिनिक्सला आल्यावर संघ बास्केटबॉलसाठी १९९२ साली बांधलेल्या क्रीडागृहात खेळू लागला. बास्केटबॉलचे अंगण लहान, हॉकीचे लांब. बर्फ कसाबसा बसवला, तर एका टोकाला वरची गॅलरी खालच्या गोलावर लोंबकळू लागली. वर बसलेल्याला समोरचा गोल दिसायचा, पायाखालचा दिसायचा नाही. अशी अर्धवट दृश्याची साडेचार हजारांच्या आसपास आसने होती आणि ती स्वस्तात विकावी लागत. म्हणून नव्या घराचा शोध सुरू झाला. स्कॉट्सडेलमध्ये एका पडक्या शॉपिंग मॉलच्या जागेचा बेत फसला आणि शेवटी संघ गेला महानगराच्या पश्चिम टोकाला, ग्लेंडेलला. डिसेंबर २००३ मध्ये तिथले क्रीडागृह उघडले. खर्च २२ कोटी डॉलर, त्यांतले १८ कोटी नगरपालिकेचे. सीझन तिकिटे घेणारा वर्ग मात्र राहत होता पूर्वेला. कामाच्या दिवशी संध्याकाळच्या गर्दीत मोटारीने महानगर ओलांडून कोण जाणार? ठाण्याच्या प्रेक्षकासाठी पनवेलला नाट्यगृह बांधावे, आणि वर लोकलही नसावी, तशातला प्रकार.

मग ग्लेंडेलने हे का केले? लोभी मालकाची कथा सांगणारे म्हणतात, फसवले गेले. मला तसे वाटत नाही. ॲरिझोनातल्या नगरपालिका मोठ्या प्रमाणात विक्रीकरावर जगतात. फिनिक्स, स्कॉट्सडेल, टेम्पी, मेसा, ग्लेंडेल ही एकमेकांना खेटून असलेली गावे; गिऱ्हाइकाने पैसा कुठल्या हद्दीत खर्च केला यावर कुणाच्या रस्त्यांना डांबर मिळणार हे ठरते. जकात होती त्या काळात आपल्या नगरपालिकांना नाक्याची जागा किती जिव्हाळ्याची असे, हे आठवले तर हे चटकन कळेल. नोल-झिम्बॅलिस्ट म्हणतात, पैसा एका गल्ल्यातून दुसऱ्या गल्ल्यात जातो, नवा निर्माण होत नाही. ग्लेंडेलचे उत्तर असते : आम्हाला तेच तर हवे आहे, तो दुसरा गल्ला आमचा आहे. क्रीडागृहाशेजारी दुकाने, हॉटेले यांचा मोठा प्रकल्प त्यासाठीच आखला गेला. संपूर्ण महानगराच्या पातळीवर जो व्यवहार शून्य, तो एका गावाच्या पातळीवर फायद्याचा असू शकतो. मूर्खपणा नगरसेवकांच्या डोक्यात नव्हता, तो हद्दीच्या आखणीत होता. माझ्या वाचनात आलेल्या टीकेत हा मुद्दा तळटीपेपलीकडे क्वचितच जातो.

अर्थात गणित मांडता येणे वेगळे आणि ते सुटणे वेगळे. ५ मे २००९ रोजी तेव्हाचे मालक जेरी मॉयस यांनी दिवाळखोरीचा अर्ज केला. बरोबर गिऱ्हाईकही तयार होते. ब्लॅकबेरी फोन बनवणाऱ्या कंपनीचे जिम बाल्सिली २१ कोटी २५ लाख डॉलर द्यायला राजी होते, मात्र संघ कॅनडातल्या हॅमिल्टनला नेण्याच्या अटीवर. हॅमिल्टनने एनएचएलचा संघ येईल या आशेवर १९८५ सालीच क्रीडागृह बांधून ठेवले होते. नवरदेव ठरण्याआधी मांडव घालून बसलेले हे गाव एकटे नाही : क्वेबेकनेही सार्वजनिक पैशातून सुमारे १८ हजार आसनांचे क्रीडागृह बांधले, ते २०१५ मध्ये उघडले, आणि तिथेही एनएचएलचा संघ आलेला नाही.

या खटल्यात खरा प्रश्न उघडा पडला. दिवाळखोरीच्या कायद्यात कर्जदाराला चालू करार झुगारता येतात, त्यात भाडेकरारही आला. म्हणजे ग्लेंडेलने तीस वर्षांच्या भरवशावर बांधलेले घर एका अर्जाने रिकामे होऊ शकत होते. लीगने विरोध केला. संघ कुणाच्या मालकीचा असावा आणि कुठे खेळावा हे ठरवण्याचा हक्क आमचा, असे तिचे म्हणणे. ३० सप्टेंबर २००९ रोजी न्यायाधीश रेडफील्ड बॉम यांनी बाल्सिलींचा प्रस्ताव फेटाळला. लीगचा पहिला प्रस्तावही त्यांनी तेव्हा मान्य केला नाही. पुढे लीगनेच १४ कोटी डॉलरना संघ घेतला. बातम्यांत हा निकाल 'ॲरिझोनाचा विजय' म्हणून छापला गेला. तो तसा नव्हता. निकालातून सिद्ध झाले ते इतकेच की संघाचे स्थान ही लीगची मालमत्ता आहे. शहर पक्षकार होते खरे, पण घरमालक आणि धनको या नात्याने. 'आमचा संघ' या दाव्याला कायद्यात खातेच नाही.

त्याची किंमत लगेच कळली. संघ विकेपर्यंतचा तोटा भरून काढण्यासाठी ग्लेंडेलने लीगला दोन हंगाम, प्रत्येकी अडीच कोटी डॉलर दिले. ज्या लीगकडे संघाची मालकी, तिलाच तो न हलवण्याबद्दल गावाने पैसे द्यायचे. २०११ मध्ये दहा कोटींचे रोखे काढून एका नव्या मालकाला मदत करण्याचा बेत झाला, तेव्हा गोल्डवॉटर इन्स्टिट्यूट या उजव्या विचारांच्या संस्थेने राज्यघटनेतल्या कलमाचा आधार घेऊन खटल्याची धमकी दिली. खासगी कंपनीला सार्वजनिक पैसा भेट देता येत नाही, असे ते कलम. बेत कोसळला. २०१२ मध्ये गावाने विक्रीकर वाढवला. त्याच वर्षी, गंमत अशी, संघ आपल्या इतिहासातला सर्वोत्तम हंगाम खेळला आणि करंडकाच्या अंतिम लढतीपासून एक पायरी दूर राहिला. जुलै २०१३ मध्ये नगर परिषदेने ४ विरुद्ध ३ अशा मतांनी नव्या मालकांशी पंधरा वर्षांचा करार केला : क्रीडागृह 'चालवण्याबद्दल' वर्षाला दीड कोटी डॉलर. जून २०१५ मध्ये तोच करार, संघाने गावाच्या माजी अधिकाऱ्याला नोकरीवर घेतल्याचे कारण दाखवून, ५ विरुद्ध २ मतांनी रद्द झाला. मग तडजोड झाली ती वर्षाला ६५ लाखांवर, दोन वर्षांसाठी. ऑगस्ट २०२१ मध्ये ग्लेंडेलने सांगून टाकले की पुढच्या हंगामानंतर जागा मिळणार नाही. डिसेंबरात थकलेल्या करापोटी, सुमारे १३ लाख डॉलर, कुलूप लावण्याची नोटीस गेली. पैसे लगोलग भरले गेले. आता ते क्रीडागृह गाण्यांच्या कार्यक्रमांवर चालते.

'फील्ड ऑफ स्कीम्स'च्या चौकटीत हा सारा प्रवास बसवला तर गाव शेवटी शहाणे झाले असा त्याचा अर्थ लागतो. तो खोटा नाही. पण या चौकटीत प्रेक्षकाला दोनच भूमिका मिळतात, करदात्याची किंवा गिऱ्हाइकाची. बारा वर्षांचे असताना जो ग्लेंडेलच्या गॅलरीत बसला आणि पंचविशीत टेम्पीच्या त्या छोट्या क्रीडागृहात अखेरच्या सामन्याला उभा राहिला, त्याचे काय गेले, हे त्या हिशेबाच्या कुठल्याही रकान्यात येत नाही. विनिपेगच्या गल्ले फोडणाऱ्या मुलांचेही तेच. हे पुस्तक त्या भावनेला मालकाच्या हातातले शस्त्र मानते. ती तशी वापरली जाते हे मान्य. पण जी गोष्ट शस्त्र म्हणून वापरता येते, ती अस्तित्वात आहे हेही मग मान्य करावे लागते, आणि तिच्या रक्षणाची एखादी कायदेशीर सोय का नाही असे विचारावे लागते. अमेरिकेतच, दुसऱ्या खेळात, ग्रीन बे पॅकर्स हा संघ १९२३ पासून लहान भागधारकांच्या मालकीचा आहे आणि छोट्याशा गावातून हललेला नाही. त्या लीगने नंतर नियम करून तशी दुसरी व्यवस्था होऊ दिली नाही. माझ्या दृष्टीने या सबंध विषयातली सर्वांत बोलकी बाब हीच आहे.

आपल्याकडे हा प्रश्न अजून कोवळा आहे. आयपीएलमध्ये पुण्याच्या नावाचे दोन संघ आले नि विरले. गहुंजेचे स्टेडियम तिथेच आहे, आणि त्या संघांसाठी पुण्यात कुणी गल्ला फोडल्याचे ऐकिवात नाही. नाव आणि जिव्हाळा यांत अंतर असते, आणि ते भरायला एक पिढी लागते. फिनिक्सला ती पिढी मिळाली होती.

टेम्पीच्या मतदानाकडे म्हणूनच थोडे थांबून पाहिले पाहिजे. घर गेल्यावर संघ २०२२ मध्ये ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या नव्या क्रीडागृहात भाडेकरू झाला. घरचा पहिला सामना २८ ऑक्टोबरला झाला आणि समोर कोण, तर विनिपेग! जवळच कचराभूमीची ४६ एकर जागा होती. तिथे क्रीडागृह, दुकाने, हॉटेले, घरे असा २१० कोटी डॉलरचा प्रकल्प मालकाने मांडला. परिषदेने एकमताने तो लोकांपुढे ठेवला. विमानतळाने हरकत घेतली, कारण घरे उड्डाणमार्गाखाली येत होती. १६ मे २०२३ रोजी तिन्ही ठराव सुमारे ५६ टक्के मतांनी पडले. विश्लेषकांनी लिहिले, लोकांना हॉकी नको होती. मतपत्रिकेवर मात्र हॉकी नव्हतीच. होता तो जमिनीचा वापर, करातल्या सवलती आणि ग्लेंडेलशी वीस वर्षे ज्याचे खटके उडाले त्या संघावरचा विश्वास. शेजारच्या गावाचा अनुभव टेम्पीच्या मतदारांनी वाचलेला होता. कचरा साफ करण्याचा खर्च मालक उचलणार होता, तेव्हा सौदा तितका वाईट नव्हता असे माझे मत आहे. पण आधीच्या सगळ्या मालकांचे ऋण या शेवटच्या कागदावर चढले. पुढे मेरुएलोंनी उत्तर फिनिक्समधल्या सरकारी जमिनीवर डोळा ठेवला, तिचा लिलाव जून २०२४ मध्ये राज्याच्या भूमी विभागाने आयत्या वेळी रद्द केला, आणि त्यांनी पाच वर्षांची ती मुभा काही दिवसांतच सोडून दिली. जागा करायचा परवाना जागवणारे कुणी उरले नाही.

विनिपेगला २०११ मध्ये संघ परत मिळाला, याची गोष्ट कॅनडात न्याय झाल्याच्या सुरात सांगितली जाते. मधल्या काळात शहराच्या मध्यवस्तीत सुमारे १५ हजार आसनांचे नवे क्रीडागृह उभे राहिले होते. १३ हजार सीझन तिकिटे काही दिवसांत खपली. पण तो संघ आला अटलांटाहून. अटलांटाने १९८० मध्येही एक संघ कॅलगरीला गमावला होता. कुणाचे घर भरते तेव्हा कुणाचे तरी रिकामे होते, आणि रिकाम्या घराची बाजू मांडणारे पुस्तक सहसा निघत नाही.

शिवाय परत आले ते नाव. जुन्या जेट्सची आकडेवारी परवान्याबरोबर ॲरिझोनाला गेली होती, ती तिथेच राहिली. टीमू सेलॅनेने १९९२-९३ च्या पहिल्याच हंगामात केलेले ७६ गोल, जो विक्रम आजही अबाधित आहे, ते झाले विनिपेगसाठी. २०२४ मध्ये ॲरिझोनाचा परवाना निष्क्रिय झाला तेव्हा ते नोंदलेले होते त्याच्या खात्यात. लोकांनी मात्र आपली वाटणी वेगळी केली. १९८७ मध्ये विनिपेगच्या प्रेक्षकांनी बाद फेरीत अंगभर पांढरे कपडे घालून यायची प्रथा पाडली. ती संघाबरोबर फिनिक्सला गेली, तिथे टिकली, आणि पुढे विनिपेगलाही पुन्हा सुरू झाली. तिच्यासाठी कुणी परवानगी मागितली नाही.

सॉल्ट लेक सिटीत संघ आता डेल्टा सेंटरमध्ये खेळतो. एक हंगाम नुसते 'युटा हॉकी क्लब' म्हणवून घेतल्यावर २०२५ मध्ये त्याने 'मॅमथ' हे नाव घेतले. डेल्टा सेंटर १९९१ साली बास्केटबॉलसाठी बांधलेले आहे. पहिल्या हंगामात पूर्ण दृश्य दिसणारी आसने होती ११,१३१. बाकीच्यांना एक गोल नीट दिसत नसे. इमारतीच्या नूतनीकरणासाठी शहराला विक्रीकर अर्ध्या टक्क्याने वाढवून ९० कोटी डॉलरपर्यंत उभे करता येतील, असा कायदा राज्याने २०२४ मध्येच करून ठेवला होता, आणि त्याच वर्षी नगर परिषदेने त्याला संमती दिली.